नुसत्या ओठांवरून

जिच्या एका हुकमावर अख्खं अंतराळयान चळाचळा कापायचं, ती बाई भाजीच्या दुकानात दोन टोमॅटो हातात घेऊन एवढी विचारात पडायची, की मागची रांग खोकायला लागे. शेवटी दुकानदारच दोन्ही टोमॅटो तिच्या पिशवीत टाकायचा आणि म्हणायचा, "चला कप्तानबाई, यान पुढे घ्या."

कप्तानबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. मालिका परदेशी. पडद्यावरची कप्तान उंच, करड्या केसांची, भुवईवर जखमेचा व्रण असलेली. पण आपल्याकडच्या प्रेक्षकांना ती आपल्या भाषेत बोलायची, ते या बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चष्मा सतत हरवणाऱ्या बाईंच्या आवाजात. सहा वर्षं झाली होती. आता तिचं खरं नाव घ्यायचं झालं तर नवऱ्यालाही क्षणभर थांबावं लागत असे, असं शेजारी म्हणायचे. शेजाऱ्यांचं काय, ते काहीही म्हणतात. पण एवढं मात्र खरं की, एकदा इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा सगळ्यांनी तिच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, "आज कप्तानाच्या आवाजात सुनावा लिफ्टवाल्यांना!" सगळे कान टवकारून उभे. आणि बाई फोनवर म्हणाल्या, "नाही म्हणजे, तुम्हाला सवड झाली की बघा. घाई नाही." लोक महिनाभर जिने चढले आणि दर मजल्यावर तिच्या नावाने बोटं मोडली.

मालिकेचं सूत्र साधं होतं आणि तेच तिचं व्यसन होतं. यानात कशाची ना कशाची तूट. हवा सहा जणांना पुरेल आणि माणसं नऊ. औषध एकाचं आणि आजारी दोघं. आणि भागाच्या शेवटी कप्तान भुवईवरचा व्रण चोळत निर्णय द्यायची. तो ऐकून घराघरांत भांडणं लागायची.

कप्तानबाईंच्या घरात तर हमखास. तिथे सगळ्यात मऊ खुर्चीत सासूबाई बसायच्या. नवरा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता. त्याला सगळं काटेकोर लागे.

"नवातले तीन गेले तर सहा वाचतात. साधा हिशोब आहे," तो म्हणायचा.

"तीन कोण ते बोल की," सासूबाई म्हणायच्या. "कुणाची नावं घ्यायची नाहीत आणि म्हणे साधा हिशोब."

"आता वय झालेली माणसं आधी..." एवढं बोलून तो आपण कुणासमोर बोलतोय हे आठवून पाणी प्यायला उठायचा.

"बघितलंस?" सासूबाई सुनेकडे वळायच्या. "याला मी नऊ महिने माझ्या हवेवर पोसला. तेव्हा काही कुणी हिशोब मांडला नाही. आणि तू गं? तू काय केलं असतंस तिच्या जागी?"

"मला काय विचारता सासूबाई," कप्तानबाई म्हणायची. "मी फक्त ओठ बसवते."

हे तिचं ठरलेलं उत्तर होतं, आणि त्यात तिला मोठा आराम होता. निर्णय दुसऱ्याचा, ओठ दुसरीचे, आपला फक्त आवाज.

स्टुडिओ एका लाँड्रीच्या तळघरात होता. वर धुलाईची मोठी यंत्रं सुरू झाली की खाली अंतराळ थरथरायचं, म्हणून अंतराळाला लाँड्रीच्या वेळा पाळाव्या लागायच्या. आत पंखा बंद, एसी बंद. घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे बाहेर ठेवायचे. अर्धं केळं खाऊन जायचं, नाहीतर पोटातला गुरगुराट माइकला आधी ऐकू जातो. ओठांची चिकटचिकट वाजू नये म्हणून सफरचंदाची फोड. मग हेडफोन लावून माइकसमोर उभं राहायचं आणि समोरच्या पडद्यावर ओठ हलले की आपले शब्द त्यात नेमके बसवायचे.

आणि हे सगळं एकेकट्याने. लोकांना वाटतं, कप्तान आणि मिस्त्री भांडतात म्हणजे दोन माणसं समोरासमोर उभी राहून भांडत असतील. छे. यानाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला आवाज देणारे नाना सकाळी, लाँड्री उघडायच्या आधी येऊन आपली वाक्यं बोलून जायचे. कप्तानबाई दुपारी, वरची यंत्रं थांबली की यायची आणि हेडफोनमध्ये नानांच्या सकाळच्या आवाजाला उत्तरं द्यायची. सहा वर्षं त्या आवाजाने तिला सांगितलं होतं, "कप्तान, तुम्ही झोपा. इंजिन मी बघतो." तिला घरी कुणी असं म्हणत नसे. घरी म्हणायचे, "झोपायच्या आधी दूध तेवढं फ्रीजमध्ये ठेव."

दोघं पहिल्यांदा भेटले तेही स्टुडिओच्या जिन्यात, चुकून. नाना विसरलेला मफलर घ्यायला परत आले होते. "जरा बाजूला होता का?" एवढंच ते बोलले, आणि ती पटकन बोलून गेली, "इंजिन सोडून इथे कसे?" दोघं मग जिन्यात पोट धरून हसले. रेकॉर्डिस्टने नंतर त्यावरून काय काय कंड्या पिकवल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. त्यांत तथ्यही नव्हतं. फार तर चिमूटभर.

तर, नानांच्या श्वासात काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा कळलं ते तिला. वाक्य पूर्वी जिथे आरामात टेकायचं, तिथे आता त्यांचा दम आधीच संपायचा. दोन शब्दांच्या मधे बारीक घरघर, जाळी लावलेल्या खिडकीतून वारा यावा तशी. रेकॉर्डिस्ट ते श्वास कापून टाकायचा. त्याचं कामच ते. तुम्ही-आम्ही टीव्हीवर ऐकायचो तो स्वच्छ मिस्त्री. तिच्या कानात मात्र कापायच्या आधीचे नाना असायचे.

एके दुपारी स्टुडिओच्या मालकांनी तिला थांबवून घेतलं. हे मालक म्हणजे एक वल्ली. बाहेरचा माणूस कशाला म्हणून यानाच्या डॉक्टरचा आवाज ते स्वतःच द्यायचे, आणि आपण नसतो तर यान कधीच बुडालं असतं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"बाई, बसा. चॅनेलवाले म्हणतायत मिस्त्रीचा आवाज खरवडल्यासारखा येतोय. असंच चाललं तर अख्खी मालिका दुसऱ्या स्टुडिओला देतील. नाना सोडून आपण आठ माणसं आहोत इथे. आठ घरं." मालकांनी डॉक्टरी आवाज लावला. "तुमच्या कानात ते रोज असतात. तुम्ही सांगा. ठेवू का बदलू? तुम्ही म्हणाल तसं."

बाईची पाचावर धारण बसली. टोमॅटो दोन असते तर दोन्ही घेता आले असते.

"सर्दी असेल हो," ती म्हणाली.

"सर्दी?"

"हवा बदलतेय ना."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही नको असलेला निर्णय टळला होता. "मग ठीक आहे. बघू अजून थोडं."

त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. शेवटी तिने सासूबाईंसमोर विषय काढला, पण वळसा घालून. "पुढच्या भागात एक गंमत आहे हं. एका माणसाचा श्वास कमी पडतोय. हे फक्त कप्तानाला माहीत आहे. तिने सांगितलं तर त्याला कामावरून काढतील आणि तो मोडून जाईल. नाही सांगितलं तर बाकीचे आठ अडचणीत."

"एकाला काढा," नवरा वर्तमानपत्रातूनच म्हणाला. "आठ आणि एक."

सासूबाईंनी मात्र विणकाम खाली ठेवलं. "त्या एकाला विचारलं का कुणी?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! ही तुमची कप्तान दर वेळी खोलीत एकटी फेऱ्या मारते, कपाळ चोळते आणि बाहेर येऊन हुकूम सोडते. ज्याचा जीव जायचा त्याच्याशी दोन शब्द बोलेल तर शपथ. लिहिणाऱ्यांना सांग माझा निरोप."

"सांगते," कप्तानबाई म्हणाली, आणि दूध फ्रीजमध्ये ठेवायला विसरली.

तरीही ती लगेच गेली नाही. जाईल कशी? फोन उचलायची, ठेवायची. तेवढ्यात, मधले काही भाग व्हायचे असतानाच, पर्वाच्या शेवटच्या भागाचं काम आलं, आणि तिथेच सगळं घोडं भलतीकडे उधळलं.

त्याचं असं होतं. शेवट आधी फुटू नये म्हणून ती परदेशी कंपनी शेवटच्या भागाची चित्रफीत काळी करून पाठवायची. पूर्ण काळा पडदा. त्यात एक गोल भोक, आणि भोकात फक्त बोलणाऱ्याचे ओठ. कोण कुठे उभं आहे, समोर कोण आहे, काही दिसत नाही. वरून तुकडे उलटसुलट. हातातल्या कागदावर फक्त आपली वाक्यं. ज्याने त्याने आपले ओठ बसवायचे आणि घरी जायचं. दर वर्षी सगळे आपापल्या वाक्यांवरून अंदाज बांधत, पैजा लावत, आणि तिचे अंदाज नेहमी बरोबर यायचे. त्याचा तिला थोडा तोराही होता. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीचा.

त्या दिवशी काळ्या पडद्यात कप्तानाचे ओठ उमटले. कागदावर वाक्य होतं: "दार बंद करा." मग मोठी शांतता. हेडफोनमध्ये मूळ ध्वनी चालू होता. जड लोखंडी दार सरकल्याचा आवाज, आणि पलीकडून पाना पाइपवर आपटल्याचा. दोन झटपट, मग थोडं थांबून एक.

ती खूण मिस्त्रीची होती. पहिल्या भागापासून. इंजिनाच्या खोलीतून तो अशीच खूण करायचा: मी आहे, सगळं ठीक आहे.

मग पुन्हा ओठ: "माझ्या जागी तू असतास तर हेच केलं असतंस."

तिने दोन्ही वाक्यं पहिल्याच फटक्यात दिली. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "काय लागलाय आज आवाज! अंगावर काटा आला." तिने हेडफोन काढले. म्हणजे मिस्त्री मरतो. म्हणजे थोड्याच भागांचा प्रश्न. म्हणजे कुणाला काढायला नको, कुणाला सांगायला नको, परदेशात बसलेल्या कुणा लेखकाने तिचं काम परस्पर करून टाकलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली, पण आधी पडला तो भांड्यातच.

आता तिला नानांना भेटायचं बळ आलं. चांगली बातमी घेऊन निघाल्यासारखी ती निघाली.

नाना सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या बहिणीबरोबर राहायचे. दार बहिणीनेच उघडलं. वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "ही कप्तान? मला वाटलं होतं, दारातून वाकून आत येईल."

"ताई, आत तरी घे त्यांना," आतून आवाज आला. घरघर सगळी त्यात होती. कापायला रेकॉर्डिस्ट नव्हता इथे.

ताईंनी चहा ठेवला आणि तो उकळायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्या बाईंच्या पोटात गोष्ट टिकत नसे. "घशात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात लवकर काढा. आणि हा म्हणतो, बघू."

"काढली तर आवाज राहीलच असं सांगत नाहीत ते," नाना म्हणाले.

"आणि नाही काढली तर नाना राहीलच असं सांगत नाहीत. तेवढं बरं गाळतोस!"

नाना हसले आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "बाई, स्टुडिओत कुणाला कळलंय?"

"मी सर्दी सांगितली."

"शाब्बास. कप्तान असावी तर अशी." पण डोळे खाली होते. "पुढचं पर्व यायच्या आत ठरवायला हवं. आवाजाशिवाय मी म्हणजे काय? खाली पंक्चर काढायला बसू?"

इथे तिने तोंड उघडलं. खरं तर सांगायची बंदी होती, सह्या घेतल्या होत्या. पण तिला राहवलं नाही.

"नाना, पुढचं पर्व नाही. मिस्त्री मरतो."

नानांनी मान वर केली. मग जातिवंत नटासारखं विचारलं, "कसा?"

"दाराआड. मी बंद करते."

"वाक्य आहे मला?"

"नाही. पाना वाजवता."

"मुका मरतो होय? सहा वर्षं राबून घेतलं आणि एक वाक्य नाही! श्या!" आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला, जणू कुणी खांद्यावरची पेटी उचलून घेतली. "चला, बरं झालं. म्हणजे एवढे भाग करायचे आणि मग सुरीखाली जायचं. मिस्त्रीचा आवाज मिस्त्रीबरोबर जाईल. दुसऱ्याच्या तोंडी नाही पडणार. हे झकास झालं, ताई."

"अरे, डॉक्टर आत्ता ये म्हणतोय!" ताई कप्तानबाईकडे वळल्या. "तू सांग बाई याला. तुझं ऐकतो तो. सहा वर्षं 'हो कप्तान, हो कप्तान' करतोय, माझं एकदा ऐकलं नाही मेल्याने."

दोघंही तिच्याकडे बघत होते. ताई चहाचं गाळणं हातात धरून, नाना मान किंचित पुढे करून. 'उद्याच जा,' असं ती म्हणाली असती तर ते गेले असते. ते तिला माहीत होतं. नानांनाही माहीत होतं.

पण उद्या ते गेले, तर शेवटच्या भागांत तिच्या कानात कोण बोलणार होतं? कुणीतरी नवा, धडधाकट फुप्फुसांचा. तिने बंद केलेल्या दाराआड नानांऐवजी तोच असता. तिला नानाच हवे होते. शेवटपर्यंत.

"थोड्याच आठवड्यांचा प्रश्न आहे, ताई," ती म्हणाली.

आवाज बघा कसा लागला: शांत, ठाम, अजिबात न कापणारा. स्वतःच्या आयुष्यात तिने असा आवाज पहिल्यांदा लावला होता. ताईंनी चहा गाळला.

नाना रोज सकाळी येत राहिले. रेकॉर्डिस्टची कात्री झिजायला आली. मालकांनी विचारलं की कप्तानबाई म्हणायची, "उतरतेय सर्दी." शेवटच्या भागासाठी नानांना दोन-चार वेळा कण्हायचं होतं, एवढंच. काळ्या पडद्यात ओठसुद्धा नव्हते. नाना दाराआड मरणाऱ्या माणसासारखे कण्हले. त्यासाठी त्यांना फार नाटक करावं लागलं नसावं. मालकांना त्या भागात एकही वाक्य नव्हतं. वेळ वाचला म्हणून ते खुशीत होते.

भाग लागला त्या दिवशी सासूबाईंनी खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली. कप्तानबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. आता काळा पडदा नव्हता. सगळं लख्ख दिसत होतं. यानाला भोक पडलेलं, हवा सुटत चाललेली. कप्तान म्हणाली, "दार बंद करा." दार सरकलं. पलीकडून पाना वाजला. दोन, मग एक.

कॅमेरा दाराच्या छोट्या काचेपाशी गेला. काचेआड पाना मिस्त्रीचाच होता. पण तो हातात होता डॉक्टरच्या.

मिस्त्री दाराच्या अलीकडे होता. बेशुद्ध मिस्त्रीला खेचून बाहेर काढलं होतं डॉक्टरने, आणि स्वतः आत अडकला होता. अलीकडे फरशीवर पडून मिस्त्री कण्हत होता. नानांचं ते खरंखुरं कण्हणं. आणि शेवटच्या क्षणी त्याने डोळे उघडले.

"वाचला गं, वाचला मेला!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"चुकीचा निर्णय," नवरा म्हणाला. "डॉक्टर जास्त उपयोगाचा."

मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि पुढचा हिशोब तिथेच राहिला. ती दाराच्या चौकटीत जमिनीवर बसली होती.

फोन वाजला. मालक. "बाई! अहो, मला मारलं की हो! न विचारता! सहा वर्षांची सेवा!" थोडा वेळ त्यांचं रडगाणं चाललं. मग आवाज बदलला. "पण एक आहे. पुढचं पर्व सगळं मिस्त्रीच्या खांद्यावर आहे म्हणतात. पानंच्या पानं वाक्यं. नानांची सर्दी आता बरी आहे ना?"

"सर्दी नाही," ती म्हणाली. "गाठ आहे."

"कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"बरेच दिवस." आणि मग, कुणी न विचारता, "मी त्यांना सांगितलं मिस्त्री मरतो म्हणून. म्हणून ते थांबले."

'उद्या बोलू,' म्हणून मालकांनी आटोपतं घेतलं.

सासूबाई ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. "ते एकाचं आणि आठांचं विचारलं होतंस मला, ते मालिकेतलं नव्हतं?"

"नव्हतं."

"खरं सांगितलं असतंस तर मी दुसरं काही बोलले असते..." म्हातारी थबकली. कधी नव्हे ती. "बोलले असते का, कोण जाणे."

नानांना तिने त्याच रात्री फोन केला. त्यांनीही पाहिलं होतं. "बाई," ते म्हणाले, आणि तो आवाज म्हणजे खरवडच होती नुसती, "आपला मिस्त्री भारीच चिवट निघाला की." ते हसायला गेले. ताईंनी फोन काढून घेतला आणि ठेवून दिला.

गाठ निघाली. नाना राहिले. आवाज गेला, सगळाच्या सगळा. कप्तानबाई दवाखान्यात गेली तेव्हा ताई बाकावर बसून होत्या. तिने विचारायच्या आधीच ताईंनी सांगितलं, कारण ताईंच्या पोटात काही टिकत नसे: "आधी आणलं असतं तर थोडा आवाज कदाचित राहिला असता, म्हणाले." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी घाईघाईने जोडलं, "कदाचित म्हणाले हं. नक्की नाही म्हणाले."

ताईंनी दया म्हणून दिलेलं ते 'कदाचित' ती घरी घेऊन आली. मालिकेत असतं तर पुढच्या भागात खुलासा झाला असता. दुसरं दार उघडलं असतं तर काय झालं असतं, ते कुठल्यातरी यंत्राने दाखवलं असतं. इथे तसं यंत्र नव्हतं. भाजीच्या दुकानात आता ती समोर येईल तो टोमॅटो उचलायची आणि निघायची. दुकानदाराला वाटलं, बाई सुधारल्या.

स्टुडिओ टिकला. आठही घरं टिकली. मिस्त्रीसाठी रेडिओवर बातम्या वाचणारा एक तरणा गडी आला. चांगला होता बिचारा, मेहनती. मालकांनी स्वतःसाठी यंत्रमानवाचा आवाज मागून घेतला, आणि रेकॉर्डिस्टच्या मते प्रेक्षकांना फरक कळला नाही. कप्तानबाई जात राहिली. हेडफोनमध्ये नवा आवाज म्हणायचा, "कप्तान, तुम्ही झोपा. इंजिन मी बघतो," आणि तिला दर वेळी उत्तर द्यायला अर्धा क्षण उशीर व्हायचा. ओठ निसटून जायचे. पुन्हा घ्यावं लागायचं.

नवं पर्व सुरू झालं तेव्हा ताईंचा निरोप आला: नाना एकटे बघायला तयार नाहीत, ये.

ती गेली. नाना खुर्चीत, गळ्याभोवती तोच जिन्यातला मफलर. टीव्हीवर मिस्त्री बोलू लागला, नव्या माणसाच्या आवाजात. तिची नजर पडद्यावर ठरेना. ती नानांकडे बघत राहिली. नानांचे ओठ हलत होते. मिस्त्रीच्या ओठांबरोबर, तंतोतंत, एक अक्षर मागेपुढे नाही. सहा वर्षांची सवय. आवाजाचा टिपूस नाही. त्या तरण्या गड्यालाही इतकं चपखल बसवता येत नव्हतं.

मग मिस्त्री गप्प झाला आणि नानांचे ओठ मात्र हलले. तिच्याकडे बघून. काहीतरी छोटंसं.

काय म्हणाले? एरवी ओठ वाचणं हा तिचा धंदा. आणि काय ऐकायचंय तेही तिला पक्कं ठाऊक होतं. त्या ओठांवर ते आत्ता सहज बसलं असतं. तिने ते बसवू दिलं नाही.

"काय म्हणालात, नाना?"

नानांनी पुन्हा ओठ हलवले.

"नाही कळलं मला. पुन्हा सांगा."

"अगं, दार लाव म्हणतोय तो," स्वयंपाकघरातून ताई ओरडल्या. "उघडंच टाकून आलीस. वारा लागतो त्याला घशाला."

नानांनी मान हलवली, तेच म्हणून. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचे खांदे हलायला लागले. हसू होतं की खोकला, आवाजाशिवाय कळायला मार्ग नव्हता.

ती उठली. दाराशी गेली. कडीला हात घातला, पण आधी बाहेर डोकावली. जिना खालपर्यंत पाहिला, वळणापर्यंत वाकून पाहिला. कुणी नव्हतं. दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तेवढाच आवाज.

मग तिने दार लावलं. सावकाश, आवाज न करता.